बॉयलरवाल्याच्या नोंदी

१ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या दोन दिवस आधी, लंडन आणि इतर मोठ्या शहरांतील मुलांना खेड्यांकडे हलवण्यास आरंभ झाला. तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसे हलली. त्यांत निम्म्याहून अधिक शाळकरी मुले होती आणि ती आईबापांवाचून निघाली होती. कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅसच्या मुखवट्याचा डबा. ह्या मोहिमेचे नाव होते 'ऑपरेशन पाइड पायपर'. रॉबर्ट ब्राउनिंगची १८४२ सालची कविता ज्यांनी वाचली आहे त्यांना हॅमेलिनच्या बासरीवाल्याची गोष्ट पुरती ठाऊक असते. तो आधी गावातले उंदीर नेतो. ठरलेला मोबदला मिळत नाही म्हणून मग मुले नेतो. आणि चालण्यात मागे पडलेल्या एका लंगड्या पोराखेरीज गावात मूल उरत नाही. मुलांना सुखरूप ठेवण्याच्या योजनेला हे नाव ज्या कोणी दिले त्याने गोष्ट अर्धीच ऐकली असावी. साहित्याच्या शिक्षकांनी एवढी कुत्सित टिप्पणी करायला हरकत नाही; पण नाव अगदीच निरर्थक नव्हते. मूल बॉम्बपासून दूर नेले की ते सुरक्षित झाले, असे ही योजना धरून चालली होती. मुलाने मागे काय सोडले, हा प्रश्न तिच्या हिशेबात नव्हता.

तो प्रश्न त्याच वर्षी विचारला गेला. डिसेंबर १९३९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जॉन बोल्बी, इमॅन्युएल मिलर आणि डोनाल्ड विनिकॉट ह्या तिघा डॉक्टरांचे एक पत्र छापून आले. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून तोडून दूर पाठवणे ही केवळ गैरसोयीची बाब नाही, त्यातून गंभीर आणि दीर्घकाळ टिकणारे मानसिक विकार उद्भवू शकतात, असा त्या पत्राचा आशय होता. पत्राने धोरण बदलले नाही. मात्र पुढील सहा वर्षांत इंग्लंडमध्ये मुलांच्या मनाविषयी जे कळले ते ह्याच प्रश्नाच्या पोटातून निघाले.

आज स्वयंसेवी संस्थांच्या पत्रकांत 'समुदायाधारित आणि आघाताचे भान ठेवणारे बाल व कुटुंब मानसिक आरोग्य कार्यक्रम' असा एक लांबलचक शब्दसमूह वारंवार आढळतो. भाषा शिकवणाऱ्यांना तो वाचताना दम लागतो. प्रस्तुत लेखात ह्या शब्दसमूहामागचा इतिहास शोधण्याचा आमचा प्रयत्न आहे. तो पुरा इतिहास नाही. त्यातील एका धाग्याचा, म्हणजे नोंदीचा, इतिहास आहे. मुलाला काय झाले हे कोणी पाहिले, कोणी लिहिले, आणि ते लिहिण्याचा अधिकार कोणाचा मानला गेला, हा आमच्या कुतूहलाचा विषय.

शब्दाचेच थोडे पाहू. 'ट्रॉमा' ह्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ जखम. तो शल्यवैद्यकातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनाच्या प्रांतात आला, आणि येताना शरीराचे चित्र घेऊन आला. बाहेरून काहीतरी आदळते आणि आतले काही फाटते. 'आघात' हा आपला प्रतिशब्दही त्याच चित्रातला. पण बोलीत आपण तसे म्हणत नाही. 'पोराने धसका घेतला' असे म्हणतो. 'हाय खाल्ली' म्हणतो. ह्या दोन्ही प्रयोगांत कर्ता मूलच आहे. घटना बाहेर घडली तरी धसका घेणारे ते आहे, आणि घेतलेला धसका ते पुढे वागवीत राहते. शिवाय धसका आवाजाचा, अंधाराचा, पाण्याचा घेता येतो तसा माणसाचा आणि माणूस जाण्याचाही घेता येतो. हॅम्पस्टेडच्या बालगृहांतील कर्मचाऱ्यांना पाच वर्षे जवळून पाहिल्यावर जे उमगले ते ह्या मराठी वाक्याच्या बरेच जवळचे होते.

अ‍ॅना फ्रॉइड जून १९३८ मध्ये वडिलांसह व्हिएन्नाहून लंडनला आल्या. त्या मुळात प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका होत्या, ही गोष्ट त्यांच्याविषयी लिहिताना अनेकदा गाळली जाते. मनोविश्लेषण म्हणजे कोचावर आडवा झालेला सुखवस्तू रुग्ण आणि त्याच्या डोक्याशी बसलेला डॉक्टर, हे चित्र पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नाला पुरते लागू पडत नव्हते. १९१९ मध्ये झीगफ्रीड बेर्नफेल्ड ह्यांनी बाउमगार्टन येथे युद्धात पोरक्या झालेल्या सुमारे ३०० ज्यू मुलांचे वसतिगृह चालवले होते. आउगुस्ट आइशहोर्न वाट चुकलेल्या, चोऱ्या करणाऱ्या मुलांच्या संस्थांत काम करीत. १९३७ मध्ये अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम ह्यांनी अमेरिकन डॉक्टर एडिथ जॅक्सन ह्यांच्या पैशावर व्हिएन्नातील अत्यंत गरीब घरांतील तान्ह्या आणि रांगत्या मुलांसाठी एक पाळणाघर उघडले होते. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर ते बंद पडले. त्या पाळणाघराच्या छोट्या खाटा आणि सामान लंडनला आले, आणि तेच हॅम्पस्टेडला कामी आले.

१९४० च्या शरदात लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडू लागले. १९४१ च्या आरंभी हॅम्पस्टेडमधील वेडरबर्न रोडवरील १३ क्रमांकाच्या घरात मुलांसाठी पहिले विश्रामगृह सुरू झाले. त्याच वर्षी नेदरहॉल गार्डन्समध्ये तान्ह्यांसाठी दुसरे, आणि एसेक्समधील न्यू बार्न येथे थोड्या मोठ्या मुलांसाठी तिसरे. पाच वर्षांत दोनशेच्या जवळपास मुले तेथे राहून गेली. बहुतेक मुले ईस्ट एंडच्या कष्टकरी वस्तीतली. कोणाचे घर पडलेले, कोणाचा बाप आघाडीवर किंवा मेलेला, कोणाची आई दारूगोळ्याच्या कारखान्यात, कोणाची इस्पितळात. चालवणाऱ्यांत बऱ्याचजणी जर्मनी आणि ऑस्ट्रियातून परागंदा झालेल्या. ज्यांचे स्वतःचे घर गेले होते अशा बायका, ज्यांची घरे गेली आहेत अशी मुले सांभाळत होत्या.

पैसा न्यूयॉर्कच्या 'फॉस्टर पेरेंट्स प्लॅन फॉर वॉर चिल्ड्रन' ह्या संस्थेकडून येई. स्पेनच्या यादवी युद्धातील मुलांसाठी १९३७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. आज ती 'प्लॅन इंटरनॅशनल' म्हणून ओळखली जाते. पैसे देणाऱ्यांना दर महिन्याला अहवाल हवा असे. फेब्रुवारी १९४१ पासून डिसेंबर १९४५ पर्यंत असे ५६ अहवाल गेले. आपल्याकडे 'अनुदानाचा अहवाल' म्हटल्यावर जो मजकूर डोळ्यांपुढे उभा राहतो, त्या मानाने हे अहवाल आश्चर्यकारक वाङ्मय आहे. त्यांत कोळसा किती लागला, किती जोडी बूट मिळाले, गोवराची साथ कशी आली हे आहे. आणि त्याच पानावर एखादे मूल आई गेल्यापासून कसे झोपते हेही आहे. 'वॉर अँड चिल्ड्रन' (१९४३) आणि 'इन्फन्ट्स विदाउट फॅमिलीज' (१९४४) ही दोन पुस्तके ह्याच सामग्रीतून झाली.

ह्या अहवालांमागे एक नियम होता. बालगृहात काम करणाऱ्या प्रत्येकाने जे दिसेल ते कार्डावर लिहायचे. प्रत्येकाने म्हणजे खरोखर प्रत्येकाने. शिक्षणाची, पदवीची अट नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या शिकाऊ मुलींनी, स्वयंपाकघरातल्यांनी, आणि बॉयलर सांभाळणाऱ्यानेही. हा बॉयलरवाला म्हणजे जेम्स रॉबर्टसन. ग्लासगोकडच्या कामगार कुटुंबातला तरुण, क्वेकर पंथाचा, शस्त्र हाती धरण्यास सद्सद्विवेकाने नकार दिलेला. भट्टी पेटती ठेवायची, दुरुस्त्या करायच्या, बॉम्ब पडले तर आगीवर नजर ठेवायची आणि दिसेल ते लिहायचे. त्याची पत्नी जॉइस तेथेच मुलांकडे पाही. आठवड्याला सारे एकत्र बसत आणि कार्डे वाचून चर्चा होई. लिहिताना 'मूल दुःखी आहे' असे लिहून भागत नसे. मूल काय करीत होते, कोणत्या वेळी, कोणाजवळ, हे लिहावे लागे. कथेच्या कार्यशाळेत नवख्या लेखकाला आपण जे शिकवतो, म्हणजे विशेषण काढ आणि क्रियापद ठेव, ते येथे काळजीवाहकांना शिकवले जात होते.

एक नोंद आमच्या मनातून जात नाही. पुस्तकात पॅट्रिक हे नाव दिलेला तीन वर्षांचा मुलगा बालगृहात आला. आईने त्याला बजावले होते की शहाण्यासारखा राहा, रडू नको, नाहीतर मी भेटायला येणार नाही. म्हणून तो रडला नाही. त्याऐवजी, कोणी त्याच्याकडे पाहिले की तो मान डोलवून स्वतःलाच आणि समोरच्याला सांगू लागे : आई येणार, मला कोट घालणार, घरी नेणार. ऐकणाऱ्याने होकार दिला की त्याला बरे वाटे. पुढे ह्या पाठात भर पडत गेली. कोट घालणार, साखळी लावणार, टोपी घालणार. हे सारखे ऐकून कोणीतरी त्याला म्हटले की किती वेळा तेच सांगशील. तेव्हापासून त्याने शब्द सोडले आणि हातांनी नुसता कोट घालण्याचा, टोपी चढवण्याचा अभिनय करू लागला. काही दिवसांनी अभिनयही आटला. उरली फक्त बोटांची हालचाल. इतर मुले खेळत असताना हा कोपऱ्यात उभा असे, बोटे हलवी, ओठ हलवी, आणि चेहऱ्यावर भयंकर दुःख असे.

मोठ्यांच्या दृष्टीने हा मुलगा रुळला होता. रडत नव्हता, त्रास देत नव्हता. वरून पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याच्या नावापुढे समाधानकारक असा शेरा मारला असता. शब्द, मग हावभाव, मग बोटे असा जो ऱ्हास झाला तो दिसायला रोज पाहणारे कोणीतरी हवे होते, आणि कालचे आज आठवायला ते लिहिलेले हवे होते.

बॉम्बविषयीच्या नोंदींनीही अपेक्षाभंग केला. बॉम्बने मुले वेडीपिशी होतील अशी युद्धापूर्वी सर्वत्र धास्ती होती. प्रत्यक्षात, जी मुले बॉम्बहल्ल्यात आईजवळ होती आणि जिची आई स्थिर राहिली ती पुष्कळशी लवकर सावरताना दिसली. जिची आई रात्रभर थरथरत उभी असे, तिचे मूलही थरथरे. मूल आकाशाकडे पाहत नव्हते, आईच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आणि ज्या मुलांना सुरक्षित जागी पण एकटे ठेवले होते, त्यांच्यात जास्त पडझड दिसली. ह्यावरून बॉम्ब निरुपद्रवी ठरत नाहीत, हे सांगण्याची गरज नसावी. बाप बॉम्बहल्ल्यात गेलेला चार वर्षांचा एक मुलगा कागदाची घरे करी आणि त्यांवर गोट्या टाकून ती पाडी. दर वेळी घरातली माणसे अगदी वेळेवर बाहेर पडत. हा खेळ महिनोन्‌महिने चालला. बाप मेला हे तो उच्चारू शकला तेव्हाच खेळ थांबला. तोपर्यंत कोणीही त्याचा खेळ मोडला नाही, हीच त्याला मिळालेली शुश्रूषा.

नोंदींमुळे संस्थेला स्वतःची घडी बदलावी लागली, आणि हा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आरंभी मुले मोठ्या गटांत राहत आणि ज्या बाईची पाळी असेल ती त्यांच्याकडे पाही. शिस्त उत्तम होती. पण मुलांचे बोलणे मागे पडत होते, स्वच्छतेच्या सवयी लागत नव्हत्या. १९४२ मध्ये मुलांची लहान लहान कुटुंबे केली गेली. प्रत्येक कुटुंबात चार-पाच मुले आणि त्यांची एक ठरलेली 'आई'. वाटणी करताना कोणते मूल कोणत्या बाईकडे आपणहून ओढ घेते हे पाहिले गेले. परिणाम ताबडतोब झाला आणि तो गोंगाटाचा होता. जी मुले कालपर्यंत शांत होती ती रडू लागली, हेवेदावे करू लागली, 'आई' खोलीबाहेर गेली की दारावर डोके आपटू लागली. आणि त्याच आठवड्यांत भराभर बोलू लागली. प्रेम करू लागलेले मूल त्रासदायक असते, हे त्या घरांनी पत्करले. खऱ्या आईबापांना तर दिवसा-रात्री केव्हाही येण्याची मुभा होती. काही आयांना घरातच कामावर घेतले गेले. शक्य तेथे मूल एकदम सोडून न जाता, आईने हळूहळू, थोडे थोडे दूर व्हावे अशी पद्धत बसवली. समुदाय हा शब्द त्या काळी कोणी वापरीत नव्हते; पण बालगृहाच्या भिंती शक्य तितक्या पातळ ठेवण्याचा हा खटाटोप होता.

ह्या प्रयोगाचे एक पुढचे टोक युद्धानंतर दिसले. १९४५ मध्ये टेरेझिनच्या नाझी छावणीतून सुटलेली तीन-चार वर्षांची सहा मुले इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात बुलडॉग्ज बँक नावाच्या घरी आली. जन्मल्यानंतर थोड्याच काळात आईबाप गमावलेली. हॅम्पस्टेडला काम केलेल्या सोफी आणि गरट्रूड डॅन ह्या बहिणींनी त्यांना वर्षभर सांभाळले. मुलांनी खेळणी मोडली, माणसांना चावे घेतले, जर्मनमधून शिव्या दिल्या. पण एकमेकांपासून क्षणभरही दूर व्हायला ती तयार नसत. एकाला खाऊ मिळाला की तो दुसऱ्याला आधी देई. फिरायला नेताना एक जरी मागे राहिला तरी सारी थांबत. १९५१ मध्ये अ‍ॅना फ्रॉइड आणि सोफी डॅन ह्यांनी ह्या वर्षाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मोठ्या माणसांवाचून मूल माणूस होत नाही, हा त्यांचाच सिद्धान्त होता. ह्या सहा मुलांनी तो पुरता मान्य केला नाही, आणि लेखिकांनी तसे लिहून ठेवले.

बॉयलरवाला रॉबर्टसन १९४८ मध्ये बोल्बींकडे टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये रुजू झाला. इस्पितळात ठेवलेल्या मुलांचे निरीक्षण करणे हे त्याचे काम. त्या काळी ब्रिटिश इस्पितळांत आईबापांना मुलाला भेटण्यावर कडक बंधने होती. भेट झाली की मूल रडते, म्हणून भेट वाईट, असा तर्क होता. रॉबर्टसनच्या लेखी अहवालांवर डॉक्टरांचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने एक कॅमेरा मिळवला आणि 'अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल' हा चित्रपट १९५२ मध्ये केला. अडीच वर्षांच्या आतली एक मुलगी, साधी शस्त्रक्रिया, आठ दिवस. आपल्याला हवे तेच निवडून टिपले असा आरोप होऊ नये म्हणून रोज ठरलेल्या वेळीच चित्रण. मुलगी आकांत करीत नाही. ती स्वतःला आवरते, आणि ते आवरणेच पाहवत नाही. रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये चित्रपट दाखवला तेव्हा अनेक डॉक्टर खवळले. ही मुलगी अपवादात्मक आहे, आमच्या वॉर्डात असे होत नाही, असे म्हणाले. सात वर्षांनी, १९५९ च्या सरकारी प्लॅट अहवालाने मुलांना भेटण्यावरील बंधने उठवण्याची शिफारस केली. कार्डावर लिहायला शिकलेला माणूस असा एका देशाच्या इस्पितळांचे दार उघडण्यास कारण झाला. अर्थात शिफारस वॉर्डापर्यंत पोहोचायला आणखी पुष्कळ वर्षे लागली.

ह्या परंपरेचे कोडकौतुक करताना तिची काळी बाजू झाकू नये. बोल्बींनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृसंगोपनावर अहवाल लिहिला, आणि त्याचा लोकप्रिय अर्थ असा झाला की आईने घरी बसावे. युद्धात बायका कारखान्यांत हव्या होत्या तेव्हा पाळणाघरे उघडली. युद्ध संपले तशी ती बंद होत गेली. डेनिस रायली ह्यांनी 'वॉर इन द नर्सरी' (१९८३) ह्या पुस्तकात ह्या साऱ्या व्यवहाराची कठोर तपासणी केली आहे, आणि पाळणाघरे बंद होण्याचे खापर सरळसरळ मानसशास्त्रावर फोडणेही त्यांनी टाळले आहे. रायली कवयित्रीही आहेत, ही माहिती आमच्या विद्यार्थ्यांसाठी. एका शब्दाचा, 'आई' ह्या शब्दाचा, धोरण आणि शास्त्र मिळून कसा वापर करतात हे पाहण्यासाठी ते पुस्तक भाषेच्या अभ्यासकांनीही वाचावे.

आईवर दोष न टाकता आईसह मुलाकडे पाहायचे कसे, ह्याचे उत्तर अमेरिकेत मिशिगनमध्ये सेल्मा फ्रायबर्ग ह्यांनी शोधले. त्या मूळच्या समाजकार्यकर्त्या. १९७५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'घोस्ट्स इन द नर्सरी' हा निबंध लिहिला. पाळण्याभोवती आईबापांच्या भूतकाळातली भुते जमतात, नामकरणाला न बोलावता आलेल्या पाहुण्यांसारखी, ही त्यातील मध्यवर्ती प्रतिमा. शास्त्रीय निबंधात प्रतिमा इतके काम करताना क्वचित दिसते. निबंधातील एक तरुण आई आपल्या बाळाचे रडणे ऐकतच नाही. बाळ रडत राहते आणि ती दूर कोठेतरी पाहत बसते. तिला बाल-संगोपनाचे धडे देण्याऐवजी कार्यकर्ती तिला तिच्या स्वतःच्या बालपणाविषयी विचारते. ते सांगताना ती आई जेव्हा स्वतः रडते, आणि ते रडणे कोणीतरी ऐकते, त्यानंतर ती उठते आणि बाळाला छातीशी धरते. हे सारे दवाखान्यात नव्हे, त्या कुटुंबाच्या घरी घडले. फ्रायबर्ग आपल्या पद्धतीला विनोदाने स्वयंपाकघरातला उपचार म्हणत. त्यांच्या सहकारी अ‍ॅलिसिया लीबरमन ह्यांनी हीच पद्धत पुढे सॅन फ्रान्सिस्कोत, हिंसा पाहिलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी, विकसित केली. २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून मुलांच्या आघातांविषयी काम करणाऱ्या केंद्रांचे राष्ट्रीय जाळे उभारले, त्यात ह्या कामाला स्थान मिळाले.

ह्याच सुमारास नोंदीची जागा आकड्याने घेण्यास सुरुवात झाली. १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा ह्यांनी कॅलिफोर्नियातील हजारो प्रौढांच्या पाहणीतून दाखवले की बालपणी जितक्या प्रकारची प्रतिकूलता अधिक, तितके पुढे हृदयविकारापासून नैराश्यापर्यंतचे धोके अधिक. हा शोध मोलाचा होता. लोकसंख्येविषयी तो बरेच काही सांगतो. पण पुढे दहा प्रश्नांची यादी आणि तिच्यावरचे गुण हे शाळाशाळांतून, दवाखान्यांतून एकेका मुलाला लावण्यात येऊ लागले. चार गुण मिळालेले मूल! शेवटी २०२० मध्ये अँडा ह्यांनाच सहकाऱ्यांसह लेख लिहून सांगावे लागले की हा गुणांक व्यक्तीचे भवितव्य ठरवण्याचे साधन नाही. पॅट्रिकची बोटे त्या दहा प्रश्नांपैकी कशात बसली असती, असे आम्ही एकमेकांना विचारून पाहिले. रडू नको म्हणून बजावणारी, पण निश्चितच प्रेम करणारी आई, हा रकानाच त्यात नाही.

आपल्याकडील इतिहास ह्या धाग्याशी दोन ठिकाणी जुळतो. मुंबईत नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट ह्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने १९२७ मध्ये वस्तीकेंद्र चालू केले होते. त्यातूनच १९३६ मध्ये समाजकार्याची सर दोराबजी टाटा शाळा निघाली, आणि १९३७ मध्ये तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. भारतातले ते पहिले मानले जाते. हॅम्पस्टेडच्या आधी चार वर्षे! मात्र ही कल्पना शहरी आणि दवाखानावजाच राहिली. आपत्तीने तिला बाहेर काढले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. त्यांपैकी अनेकांना त्यामुळे शाळा मिळाली, आयुष्य मिळाले. ह्याबद्दल कृतज्ञता असावी. पण १९३९ चा प्रश्न येथेही उभा होताच. मूल कोठे सुरक्षित, गावात की गावाबाहेर? पडलेल्या भिंतींजवळ, आजीच्या हाकेच्या अंतरावर, की पक्क्या छपराखाली? गावांचे तरी काय झाले? ५२ गावे मूळ जागेवरून उठवून नव्या जागी वसवली गेली, रुंद रस्त्यांची, ओळीत घरे असलेली. दगडामातीच्या दाटीवाटीच्या गावात हाक मारली की चार घरांत ऐकू जाई. नव्या गावात शेजार पांगला. मोहन आगाशे ह्यांच्या पुढाकाराने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने ह्या भागात वर्षानुवर्षे मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. भूकंपानंतर मनाचीही पाहणी व्हावी ही जाणीव आपल्याकडे त्यातून रुजली.

दुसरे ठिकाण अधिक दूरचे, पण हॅम्पस्टेडच्या अधिक जवळचे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओरिसाच्या किनाऱ्यावर, आजच्या ओडिशात, पुन्हा सुमारे दहा हजार माणसे गेली. तेथे 'अ‍ॅक्शनएड'ने गावोगावच्या तरुण-तरुणींना घेऊन काम उभे केले. त्यांना 'स्नेहकर्मी' म्हणत. त्यांच्या प्रशिक्षणात बंगळूरच्या 'निमहान्स' ह्या राष्ट्रीय संस्थेचा हात होता. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर साध्या डॉक्टरांना मनाचे दुखणे ओळखायला शिकवण्यापासून ह्या संस्थेचा अनुभव सुरू झाला होता. ओरिसात ती डॉक्टरांच्याही पलीकडे गेली. गुजरातमध्ये २००२ च्या हिंसाचारानंतर 'अमन पथिक' म्हणून असेच कार्यकर्ते उभे राहिले, आणि त्यांत हिंसेची झळ लागलेल्या वस्त्यांतलेच लोक होते. मानसशास्त्राचे एकही पुस्तक न वाचलेली ही मंडळी. घरोघर जायचे, ऐकायचे, मुलांना गोळा करून खेळवायचे, चित्रे काढू द्यायची, जी बाई बोलत नाही तिच्याजवळ नुसते बसायचे. पगारी तज्ज्ञ महिन्याने परत जातो. हे तेथेच राहणारे.

त्यांच्या कामात आणखी एक गोष्ट होती, जी पाश्चात्त्य पुस्तकांत सहसा आढळत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज भरून देणे, त्यासाठी कचेरीत खेटे घालणे, हेही मानसिक शुश्रूषेचाच भाग आहे असे हे कार्यकर्ते शिकले होते. ज्या घरात उद्याच्या भाताची भ्रांत आहे तेथे मुलाला धीर देणाऱ्या आईलाच धीर नसतो, हे त्यांना सांगावे लागले नाही. ओटीवर बसून, विचारत विचारत, ते अर्ज भरीत. घरातील मृताचे नाव, वय, आणि अर्जदाराशी असलेले नाते. नात्याच्या रकान्यापाशी आले की बहुधा तेथेच बोलणे सुरू होई, आणि अर्ज त्या दिवशी पुरा होत नसे.